मालिका लांबते, तसा लेखकही लांबतोच का?

प्रश्न : कादंबरीमालिकेचा प्रत्येक नवा भाग आधीपेक्षा जाडजूड निघतो. अशा लेखकाला आटोपशीर लिहिणे पुढे शिकता येते का?

उत्तर : येते, पण शिकलेले टिकतेच असे नाही. हॅरी पॉटरचा १९९७ सालचा पहिला भाग मूळ ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानांचा होता, तर २००३ सालचा पाचवा ७६६ पानांचा झाला. हा भाग आणखी लहान होऊ शकला असता, मात्र शेवटी वेळ आणि शक्ती दोन्ही अपुरी पडली, अशी कबुली लेखिका जे. के. रोलिंग यांनीच २००५ साली दिली. त्याच वर्षी आलेला सहावा भाग ६०७ पानांत आटोपला. लांबी म्हणजे नेहमीच सैल सुटलेली लेखणी नव्हे. कित्येकदा ते न झालेले पुनर्लेखन असते. (विक्रीचे आकडे फुगले की संपादकाची कात्रीही बोथट होत असावी, हा माझा संशय.) पुढे त्यांनीच रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावाने २०१३ पासून लिहिलेल्या रहस्यमालिकेचा सहावा भाग मात्र पुन्हा लांबत थेट हजार पानांपलीकडे गेला!

याउलट बेल्जियन रहस्यकथाकार जॉर्ज सिमेनॉन यांना उमेदीच्या काळात संपादक कोलेत यांनी ‘साहित्यिकपणा’ काढून टाकण्याचा सल्ला दिला. तेव्हापासून पुनर्लेखन म्हणजे विशेषणे, क्रियाविशेषणे आणि केवळ परिणामासाठी घातलेली वाक्ये छाटणे, हा त्यांचा परिपाठ झाला, आणि त्यांच्या इन्स्पेक्टर मेग्रे या पोलीस नायकाच्या ७५ कादंबऱ्या अखेरपर्यंत सडसडीत राहिल्या.