ब्रेस्ट पंप मॅन्युअल घ्यावा की इलेक्ट्रिक?

दूध किती वेळा काढायचंय, त्यावर ठरवा. कधीतरी दोन तास बाहेर जायचं असेल तर हाताने दाबायचा मॅन्युअल पंप पुरतो. चार्जिंगची कटकट नाही. पण कामावर रुजू होणार असाल आणि दिवसातून दोन-तीनदा दूध काढावं लागणार असेल, तर दोन्ही बाजूंचं एकदम काढणारा डबल इलेक्ट्रिकच घ्या. १५-२० मिनिटांत उरकतं. मॅन्युअलने रोज तेवढं करायला गेलात तर आधी मनगट बोलायला लागेल.

मोटरपेक्षा जास्त लक्ष द्या फनेलकडे, म्हणजे छातीवर बसतो त्या भागाकडे. बऱ्याच पंपांसोबत २४ मिमीचा येतो आणि तो सगळ्यांना बसतोच असं नाही. स्तनाग्र नळीच्या कडांना घासत असेल तर फनेल लहान पडतोय. भोवतालची गडद त्वचाही बरीच आत ओढली जात असेल तर फनेल मोठा होतोय. दुखलं तरी सक्शन वाढवत राहू नका, त्याने दूध वाढत नाही.

मैत्रिणीचा वापरलेला पंप? एकीच्याच वापरासाठी बनवलेला असेल तर नको. बाटल्या उकळता येतात, मोटर नाही. बाळ वेळेआधी जन्मलं असेल आणि अंगावर पीत नसेल, तर हॉस्पिटल-ग्रेड पंप (अनेकींच्या वापरासाठी बनवलेला, जास्त ताकदीचा) भाड्याने मिळतो का, ते आधी विचारा.