गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बदल जतन करताना लिहायच्या टिपेत, म्हणजे कमिट मेसेजमध्ये, नुसतं 'फिक्स' लिहिलं तर काय बिघडतं?

भावा, आज काहीच नाही. सहा महिन्यांनी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून तुझं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अडत्याचा फोन येतो, 'गुळाच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) तोलाई, म्हणजे वजन करण्याचा खर्च, दोनदा कापली जातेय', आणि गिट लॉगमध्ये, म्हणजे कमिटच्या यादीत, 'फिक्स', 'फिक्स २', 'आता नक्की फिक्स'. बस बोंबलत!

काय बदललं ते डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) दाखवतोच. का बदललं ते फक्त तुला ठाऊक असतं, तेवढं लिही. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत: 'पट्टीतली तोलाई एकदाच काप'. मग एक ओळ रिकामी सोड, नाहीतर वनलाइन लॉगमध्ये (दर कमिटची एकच ओळ दाखवणारी यादी) खालचा मजकूरही तिला चिकटतो. त्याखाली कारण, तिकीट नंबर (तक्रारीच्या नोंदीचा क्रमांक). टीम इथलीच असेल तर मराठीत लिही की, गिटला काही फरक पडत नाही. आणि काय केलं ते त्या पहिल्या ओळीत मावत नसेल तर बहुतेक कमिटच तोडून लहान करायला हवं.