‘घर बघायला कधी येऊ?’

“मॅडम, मी पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजते. मीच कशी फसले?”

साताऱ्यात समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न फिरून फिरून ऐकते. रक्कम बदलते, हुद्दा बदलतो, ‘मीच कशी’ तेवढं कायम. म्हणून एकीची हकिगत, ओळख बदलून. तिला मेघा म्हणू.

मेघाची बदली सांगलीला झाली. घर बघायला जायचं तर रजा मोडणार, म्हणून शोध मोबाइलवर. विश्रामबागेत वन बीएचके, भाडं शेजारच्या जाहिरातींच्या निम्मं. मालक म्हणे फौजी. पोस्टिंग लांब, फ्लॅट रिकामा. सोबत आधार आणि कॅन्टीन कार्डाचे फोटो. असे फोटो बनावट तरी असतात, नाहीतर भलत्याच कुणाचे. पण मेघाचे वडील निवृत्त सुभेदार. ज्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे, तिथं वर्दीवर शंका घ्यायला जीभ रेटत नाही.

आधी ‘गेट पास’चे १,४९९ रुपये. (तीन मजली अपार्टमेंटला कसला आलाय गेट पास!) मग अनामत १५,०००. मग ‘सिस्टिमला नोंद झाली नाही, पुन्हा पाठवा, आधीचे आपोआप परत येतील’ म्हणून आणखी १५,०००. माणूस सर्वांत खोल रुततो तो इथं. दुसरी रक्कम घरासाठी जातच नाही, ती पहिली सोडवण्यासाठी जाते.

पहिल्या दोन भेटी स्वतःला बोल लावण्यातच गेल्या. मी विवेकनिष्ठ विचारसरणीची; घडलं काय यापेक्षा माणूस त्यावरून स्वतःला काय ऐकवतो, ते मी आधी बघते. तिसऱ्या भेटीत तिला म्हटलं, “व्हॉट्सअ‍ॅप उघड. फक्त तुझेच मेसेज मोठ्यानं वाच.”

“‘घर बघायला कधी येऊ?’” थोडं खाली पुन्हा तेच. मग, “‘सर, बघून मग पैसे दिले तर चालेल का?’”

“त्याचं उत्तर?”

“तिन्ही वेळा... क्यूआर कोड.” ती स्क्रीनकडे बघत राहिली. “म्हणजे मला कळत होतं.”

“मग पाठवलेस का?”

“त्यांना वाईट वाटेल म्हणून.”

हेच मी समजावून सांगितलं असतं, तर तिनं मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा रडली असती. अक्कल जागीच होती. आडवी आली ती भीड. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आणि त्याच भिडेपोटी ती सहा दिवस वडिलांशीही बोलली नव्हती. ते सहा दिवस महागात पडले.

कारण १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन जितका लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. रागानं चॅट पुसू नका. लगोलग बँकेला कळवा. पिन आपणच टाकलेला असल्यामुळे बँक भरपाई देईलच असं धरून चालू नका. नंतर ‘पैसे काढून देतो, फी भरा’ म्हणणारा फोन आला, तर तोही त्याच माळेचा मणी.

शोधतानाच सांभाळायचं तर उंबरा ओलांडल्याशिवाय टोकनसुद्धा नाही. स्वतः जमत नसेल तर गावातली मावशी, मैत्रीण, कुणीही जाऊ दे. मालकाकडून चालू महिन्याचं लाइट बिल आणि इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागा. नावं ओळखपत्राशी जुळली पाहिजेत. बिलावरचा मीटर नंबर घरातल्या मीटरशी ताडून बघा. पैसे पाठवताना पिनच्या आधी अ‍ॅप जे नाव दाखवतं, ते थांबून वाचा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच अंक दिसणारं द्या. आणि भाडेकरार नोंदणीकृतच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे मागायला लाजायचं कारण नाही.

मेघाला मी एकच वाक्य पाठ करायला दिलं: “शनिवारी मावशी बघून जाईल, मग टोकन.” आरशासमोर म्हणताना ती दोनदा ‘सॉरी’ म्हणाली. दोन्ही वेळा थांबवलं.

पुढच्या आठवड्यात तिनं ते दोघांना पाठवलं. एकानं लगेच ब्लॉक केलं. दुसऱ्याचं उत्तर तिनं मला दाखवलं: “या की. किल्ली खालच्या किराणा दुकानात असते. मीटर जिन्याखाली आहे, तोही बघून घ्या.”