दत्त, डेटा आणि गिरणी संपाचा अन्वय

परळहून एका विद्यार्थिनीने विचारलंय: एम. ए.च्या प्रबंधात 'माहितीचे विश्लेषण व निर्वचन' असं प्रकरण लिहायचंय, काम सगळं मुलाखतींचं, म्हणजे गुणात्मक. दोन शब्द कशाला, एकात भागत नाही का?

नाही भागत. 'श्लिष्' म्हणजे बिलगणं. श्लेष, आश्लेष, घशातला श्लेष्मा, सगळे त्याच घरचे. विश्लेषण म्हणजे चिकटलेलं सोडवणं. मुलाखत शब्दशः उतरवायची, तुकड्यातुकड्याला कोड, म्हणजे आशय सांगणारं छोटं नाव, द्यायचा, सारखे कोड शेजारी आणून पाहायचे. बारांतल्या सात जणांचे '58.33 टक्के' करणं म्हणजे विश्लेषण नव्हे. रात्री नऊला टीव्हीवर चालतं तेही नव्हे. तिथे चिकटलेलं आणखी चिकटतं.

'निर्वचन' मात्र खोडा. ते प्राचीन भाषापंडित यास्काचं काम, शब्दाची व्युत्पत्ती उलगडण्याचं. कायद्याच्या मराठीने कलमांचा अर्थ लावायला ते उचललं, तिथे शोभतं. माणसाच्या बोलण्यालाही तेच चिकटवणाऱ्यांनी शाळेतला संस्कृतचा तास आठवावा. श्लोक आला की बाई आधी काय करायला लावायच्या? अन्वय! अनु आणि अय, मागोमाग जाणं. क्रियापद धरा, कर्ता शोधा, कोण कोणामागून येतं ते लावा. लालबागच्या चाळीतले एखादे आजोबा म्हणाले, "आमचा संप अजून चालूच आहे", तर त्याला 'संप' हा कोड द्यायचा की 'काळ', हे ठरवणं झालं विश्लेषण. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला तो गिरणी संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे ठाऊक असलं की वाक्याचा अन्वय फिरतो. आजोबा भ्रमिष्ट नाहीत, अक्षरशः खरं बोलताहेत. मग पुन्हा कोडांकडे यायचं, आणि बहुधा 'काळ' खोडायचा.

आता माझा खरा मुद्दा: नावातली 'माहिती', म्हणजे डेटा. लोकलमध्ये रोज 'डेटा संपला' ऐकून कान किटलेत. अहो, डेटा म्हणजे आपला दत्त! लॅटिनमध्ये 'दा' म्हणजे देणं, 'दातुम' म्हणजे दिलेलं, त्याचं अनेकवचन डेटा. संस्कृतात तोच 'दा', दिलेला तो दत्त. दत्तक त्यातला, अत्रीला दिलेला दत्तात्रेयही त्यातला. तारखेला इंग्रजीत 'डेट' म्हणतात तीही हीच, रोमन लोक पत्रावर 'अमुक दिवशी दिलं' असं लिहीत त्यावरून. आणि त्या संपाचे पुढारी कोण? डॉक्टर दत्ता सामंत. ही व्युत्पत्ती नव्हे, कबूल, पण मला राहवलं नाही.

हिंदीवाले म्हणूनच डेटाला 'प्रदत्त' लिहितात. मुलाखतीला तो चालणार नाही. आजोबांनी ते वाक्य ताटात वाढून दिलेलं नसतं. चार खेपा घालाव्या लागतात, चहा घ्यावा लागतो, मग ते सापडतं. म्हणून डेटासाठी मराठीत काहीजण वापरतात तो 'विदा' घ्या. पण विदावाले तो 'जाणणे' अर्थाच्या 'विद्'वरून लावतात, तिथे माझं भांडण आहे. दुसरा 'विद्' घ्या, विन्दति, मिळवतो, सापडवतो. गायी मिळवणारा तो गोविंद. हिंदी गाण्यांमुळे 'विदा' म्हटलं की नवरीची पाठवणी आठवते, ही तक्रार मी ऐकणार नाही.

हं, प्रकरणाचं नाव. 'विदा: विश्लेषण आणि अन्वयार्थ' करा. मार्गदर्शकांनी परिभाषा कोश पुढे केलाच, तर त्यांना आजोबांचं वाक्य ऐकवा आणि त्याचं निर्वचन करायला सांगा.