सिंगापूरची क्रूझ, सासूबाईंची बर्थ आणि चार लाखांची एफडी

ताई, तुमचा मेल वाचला. ठाण्यात राहता, दोघांचे मिळून हातात १ लाख ३५ हजार येतात, होमलोनचा हप्ता ३८ हजार, एसआयपी १५ हजार, घरखर्च साधारण ५५ हजार. बँकेत ४ लाखांची एफडी आहे. डिसेंबरच्या सुट्टीत सासूबाई आणि ९ वर्षांच्या लेकीला घेऊन सिंगापूरहून ४ रात्रींची क्रूझ करायची आहे, एजंटने चौघांचे विमानासकट ३ लाख ४० हजार सांगितलेत आणि वर १२ महिन्यांच्या नो कॉस्ट इएमआयचं गाजर दाखवलंय. एफडी मोडू की इएमआय घेऊ, एवढंच तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर, दोन्ही नको. पण आधी ३ लाख ४० हजार हा आकडाच बघू, कारण मला तो पटत नाहीये.

तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवलाय त्यात बारीक अक्षरात लिहिलंय, एक इनसाइड केबिन, चार जण. आता चार जणांच्या इनसाइड केबिनमध्ये बहुतेक वेळा होतं असं की खाली दोन पलंग आणि उरलेल्या दोन बर्थ भिंतीतून नाहीतर छतातून खाली ओढायच्या, आणि वर चढायला छोटीशी शिडी. तुमच्या सासूबाई ६८ च्या, गुडघ्याचं दुखणं तुम्हीच लिहिलंय. त्या काही शिडी चढणार नाहीत, मग खालचा पलंग त्यांना गेला की नवरा वर आणि तुम्ही अरुंद पलंगावर लेकीला कुशीत घेऊन, चार रात्री, बिनखिडकीच्या खोलीत. म्हणजे दोन केबिन घ्याव्याच लागणार. क्रूझचं भाडं केबिनमध्ये दोन माणसं धरून माणशी असतं, तिसरा-चौथा स्वस्तात जातो, आणि एजंटचा आकडा कमी दिसतोय तो त्याचमुळे. दुसऱ्या केबिनचे वर ५० हजार तरी धरा.

मग टिप. इथल्यासारखी खुशीची टिप नाही ती, बऱ्याच आंतरराष्ट्रीय बोटींवर माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर बिलात आपोआप लागतात, लेकीचेसुद्धा. १८ डॉलर धरले तर चौघांचे चार दिवसांचे २८८ डॉलर, डॉलर ९० रुपयांना धरा, झाले २६ हजार. व्हिसा एजंटच्या फीसकट १२ हजार, इन्शुरन्स ८ हजार, आणि बंदरावर फिरणं, वायफाय, लेकीचे हट्ट मिळून ४० हजार. बेरीज ४ लाख ७६ हजार. शिवाय परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे विकतानाच कापून घेतलेला आगाऊ आयकर, घेतो तो वेगळा. तो बुडत नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना मिळतो किंवा ऑफिसात सांगितलं तर पगारातल्या टीडीएसमध्ये अॅडजस्ट होतो, पण बुकिंगच्या दिवशी खिशातून तर जातोच ना.

आता इएमआय. ३ लाख ४० हजार भागिले १२ म्हणजे महिना २८,३३३. तुमच्याकडे सगळं जाऊन उरतात २७ हजार. पहिल्याच महिन्यात तुम्ही मायनसमध्ये, आणि अजून दुसरी केबिन धरलेलीच नाही. नो कॉस्ट नावाचं काही नसतं हो, झिरो पर्सेंट व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज असतंच, एकतर ते किमतीत घातलेलं असतं नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये. एजंटला विचारा, रोख भरले तर किती कमी करणार? तो जेवढे कमी करेल तेवढं ते व्याज. पर्सनल लोनचं तर नावच काढू नका, ३ लाख १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर ४५ हजारांच्या वर नुसतं व्याज जातं.

आणि एफडी. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ९३ हजार, म्हणजे ४ लाख हे जेमतेम चार महिन्यांचं अन्न आहे. ती एफडी फिरायची नाहीच, नोकरी गेली तर घर चालवायची आहे.

मग क्रूझच नको का? अजिबात तसं नाही. तुम्ही मेलच्या शेवटी सहज लिहिलंय की मुंबई-गोवा-मुंबई २ रात्रींचं कोटही घेतलं होतं, दोन केबिन, सगळे टॅक्स धरून ९६ हजार, पण ते "अगदीच साधं" वाटलं. मला तेच आवडलं. आत्ता जुलै आहे, महिना २२ हजार बाजूला टाकले तर नोव्हेंबरपर्यंत १ लाख १० हजार होतात, एक रुपया उधार नाही. बॅलार्ड पियरवरून निघायचं, देशातल्या देशात असल्याने पासपोर्ट-व्हिसा नाही, सरकारी फोटो आयडी पुरतं. आणि तुम्हीच लिहिलंय की सासूबाई लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला जायच्या आणि त्यांना बोट लागायची! मग हे पावणेपाच लाख घालायच्या आधी दोन रात्रींत कळलेलं बरं नाही का. केबिन मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची मागा, तिथे हलतं कमी, आणि गोळी कुठली घ्यायची ते त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांना आधी विचारा.

एक माझ्या अनुभवातलं. पहिल्या क्रूझला बायकोचा फोन चालूच राहिला, किनारा सुटला तसा तो बोटीच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागला आणि घरी आल्यावर जे बिल आलं त्यात एक चांगली पैठणी आली असती. बोट सुटली की फ्लाइट मोड, चौघांचेही. बोटीवर रोख चालत नाही, केबिनचं कार्ड टॅप करत राहायचं, आणि शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवतात तेव्हा कळतं की लेकीने रोज दोन मॉकटेल प्यायलेत. रोज रिसेप्शनवर जाऊन बिल बघून या. नवऱ्यासाठी ड्रिंक पॅकेज घेणार असाल तर आधी नियम वाचा, बऱ्याच क्रूझ कंपन्यांच्या बोटींवर एका केबिनमधल्या एकाने घेतलं की बाकीच्या मोठ्यांनाही घ्यावं लागतं. (त्यांना लेकीबरोबर झोपवा, तुम्ही सासूबाईंबरोबर. प्रश्न मिटला.) सामान केबिनमध्ये यायला कधीकधी संध्याकाळ होते, म्हणून सासूबाईंच्या गोळ्या हातातल्या पिशवीत.

गोव्याहून आलात आणि सगळ्यांना मानवलं तर जानेवारीपासून २२ हजारांची आरडी लावा. १६ हप्त्यांचे व्याजासकट ३ लाख ६५ हजारांच्या आसपास होतात, मध्ये तुमचा एप्रिलचा बोनस दोनदा येतो, त्यातले मिळून १ लाख १० हजार टाकले की त्या मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूर, तेही दोन केबिनसकट. मे मध्ये भाडं चढं असतं, शाळेला चार दिवस दांडी मारायची तयारी असेल तर बरंच वाचेल, ते तुमचं तुम्ही ठरवा. एसआयपी थांबवायची गरज कुठेच पडत नाही.

इन्शुरन्स घेताना सासूबाईंचं बीपी लपवू नका, आणि पॉलिसीत क्रूझ कव्हर आहे का हे लेखी विचारा. बोटीवरचा डॉक्टर डॉलरमध्ये बिल लावतो आणि आपल्या इथल्या मेडिक्लेम बहुतेक भारतातल्याच उपचारांचे पैसे देतात. आणि हो, लेकीचा पासपोर्ट काढून तारीख बघा, लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, प्रवासाच्या वेळी सहा महिने तरी शिल्लक लागतात. तुम्ही लिहिलंय तो ती बालवाडीत असताना काढला होता, म्हणजे संपतच आला असणार.