आधी पेन्सिल, मग फोन

पुणे, रविवार रात्र

प्रिय मुली,

वेताळ टेकडीवरचे तुझे फोटो पाहिले. सत्तेचाळीस! हौसेला तोड नाही. पण बारावा फोटो पुन्हा उघड. दगडावर बसलंय ते फुलपाखरू प्लेन टायगर नाही, डॅनाइड एगफ्लायची मादी आहे. प्लेन टायगरच्या अळ्या रुई खाऊन वाढतात, त्या चिकाच्या विषामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ही बाई नुसतं त्याचं सोंग घेऊन फिरते.

आता दोन्हींचा मागचा पंख वहीत काढ. प्लेन टायगरच्या पंखावर मधोमध तीन काळे ठिपके, नराला चौथाही, ती त्याची गंधाची पिशवी. एगफ्लायला वरच्या कडेशी एकच. फोटो काढताना तुला हे दिसलं नाही, कारण मोजायची गरजच पडली नाही. पेन्सिल हातात आली की मोजावंच लागतं. माझ्या पहिल्या वहीतल्या अळीला मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय काढले होते, गोमच ती! खरे पाय पुढचे तीनच जोड. मागचे मांसल पाच जोड नुसते धरायला. चित्र चुकलं म्हणून कळलं.

किड्यांची चित्रं काढणारी चित्रकार मारिया सिबिला मेरियन 1699 मध्ये, वयाच्या 52व्या वर्षी, धाकट्या लेकीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिच्या चित्रांत अळी, कोष, फुलपाखरू आणि ज्यावर ते जगतं ते झाड बहुतेकदा एकाच पानावर असतं. तूही रुईचं पान सोडू नकोस. चित्र देखणं नाही झालं तरी चालेल.

फोनला नावं ठेवत नाहीये हं. चतुर उडताना चारही पंख वेगवेगळे कसे हलवतो, ते स्लो मोशनशिवाय दिसणार नाही. रातकिड्यांचा आवाज रेकॉर्ड करून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाच्या पट्ट्यांचं चित्र, काढ. कानाला एकच वाटणारी किरकिर तिथे दोन वेगळ्या पट्ट्यांत दिसू शकते. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे फोटोवरून जीव ओळखून देणाऱ्या साइटवर, फुलपाखराचे फोटो टाकताना मात्र पंखाची वरची आणि खालची, दोन्ही बाजू दे. नुसत्या पाठीवरून नाव सांगणाऱ्यांचा जीव जातो.

आणि हो, त्या रुईच्या पानाखालचा हिरवा कोष काळपट, पारदर्शक दिसायला लागला की लगेच कळव. फुलपाखरू बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येतं. टाइमलॅप्ससाठी ट्रायपॉड माझा, पॉवर बँक तुझी.

तुझे,
सर