पोलंडच्या भूमिगत चळवळीने ज्यूंना खरंच मदत केली का?

तुम्ही विचारलंय, दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीच्या ताब्यातल्या पोलंडमधली ही चळवळ ज्यूंच्या बाजूने होती की विरोधात. मीही वाचायला सुरुवात केली ती याच प्रश्नाने, आणि पहिल्यांदा अडलो ते झोफिया कोसाकच्या पत्रकापाशी.

ही कॅथलिक कादंबरीकार. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन लोक वॉर्सा घेट्टोतल्या, म्हणजे भिंत घालून कोंडलेल्या वस्तीतल्या, ज्यूंना गाड्या भरभरून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारायला नेत होते. ऑगस्टमध्ये तिने चोरून पत्रक काढलं. डोळ्यांदेखत खून होत असताना जो गप्प बसतो तो त्या खुनात सामील आहे, असं त्यात बजावलं. आणि त्याच पत्रकात लिहिलं, की ज्यू पोलंडचे शत्रू आहेत हे आमचं मत अजून तेच आहे! तो मजकूर मी तीन-चारदा वाचला. याच बाईने पुढच्या महिन्यात ज्यूंसाठी मदत समिती उभी केली, आणि डिसेंबरात त्या समितीचीच 'झेगोता' ही भूमिगत संघटना झाली: बाप्तिस्म्याचे खोटे दाखले, लपायला घरं, महिन्याला थोडे पैसे. ज्यूला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड असताना हे चाललं होतं. मुलांना वाचवणारी इरेना सेंडलर झेगोताचीच.

भूमिगत चळवळीची मुख्य सशस्त्र संघटना होम आर्मी. तिने ज्यूंना शस्त्रं देताना हात आखडता घेतला. तिच्याकडेही तुटवडा होता हे खरं, पण ज्यू लढतील यावर सेनापती रोवेत्स्कीचा विश्वासही नव्हता. जानेवारी १९४३ मध्ये घेट्टोतले ज्यू जर्मनांशी लढले, तेव्हा कुठे सुमारे ५० पिस्तुलं आणि काही हातबॉम्ब मिळाले. एवढ्यावर काय होणार? १९ एप्रिलला घेट्टोत ज्यूंचा उठाव झाला, त्या संध्याकाळी होम आर्मीचे लोक घेट्टोची भिंत उडवायला गेले. भिंत पडली नाही, त्यांचे दोघे मात्र मेले. आणि किएल्त्से भागात याच होम आर्मीच्या काही तुकड्यांनी लपलेल्या ज्यूंना ठार मारलं. हे झाकून उत्तर देणं मला जमणार नाही.

तुमचाच प्रश्न घेऊन तेव्हा एक माणूस लिहीत बसला होता. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम. वॉर्सातल्या ग्रुयेत्स्का रस्त्यावर एका माळ्याच्या काचघराखालच्या तळघरात, तीस-चाळीस ज्यूंच्या गर्दीत, पोलिश-ज्यू संबंधांवर, पोलिश भाषेत. मार्च १९४४ मध्ये जर्मनांना सुगावा लागला. रिंगेलब्लुमला गोळ्या घातल्या, आणि त्याला लपवणाऱ्या पोलिश माळ्यालाही.